अशुभ वार्तेची संथा

तारवाला शिपाई गल्लीच्या तोंडाशी दिसला की ओट्यावरची बोलणी थांबत. तो कोणाच्या दाराशी सायकल टेकतो इकडे सगळ्यांचे डोळे लागत, आणि तो पुढे निघून गेला म्हणजे मागे राहिलेली घरे उघडउघड सुटकेचा सुस्कारा टाकीत. तारेने लग्न ठरल्याच्या आणि मुलगा झाल्याच्याही बातम्या येत, नाही असे नाही. पण सामान्य माणसाच्या मनात तार आणि मरण ह्यांचा जो सांधा जुळला होता, तो २०१३ च्या जुलैमध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद होईपर्यंत काही निखळला नाही. तार बहुधा इंग्रजीत असे. घरात इंग्रजी येणारे माणूस नसले तर शेजारचा शाळकरी मुलगा बोलावून आणीत. आमच्या गल्लीत तो मुलगा मी होतो.

१९६२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. समोरच्या काकूंकडे तार आली आणि मला हाक आली. मजकूर चार शब्दांचा होता : ‘फादर सीरियस स्टार्ट इमीजिएटली’. मी तो मोठ्या ऐटीत वाचला आणि तितक्याच ऐटीत मराठी करून सांगितला, “काकू, तुमचे वडील फार आजारी आहेत, ताबडतोब निघा.” काकूंनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मटकन खाली बसून हंबरडा फोडला. मी गोंधळून गेलो. माझे भाषांतर चुकले की काय असे वाटून मी पुन्हा पुन्हा सांगू लागलो, “अहो काकू, नुसते सीरियस लिहिले आहे!” तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि म्हणाले, “बाळ, तारेत सीरियसच लिहितात.”

म्हातारे खरे बोलले होते. माणूस गेलेले असे. पण दूरगावच्या लेकीने किंवा मुलाने आगगाडीच्या प्रवासात कोसळू नये, निदान दारात पोचेपर्यंत त्याला धीर राहावा, म्हणून मृत्यूची तार ‘अत्यवस्थ’ ह्या नावाने पाठविण्याची रीत पडली होती. रीत पडली तशी ती सर्वांना ठाऊकही झाली, आणि सर्वांना ठाऊक झाल्यावर तिच्यातला धीर नाहीसा होऊन नुसती खूण तेवढी शिल्लक राहिली. आपल्या इतिहासात ह्या जातीची एक थोर खूण आहेच. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचे वर्तमान नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळले ते एका सावकारी पत्रातून; त्यात माणसांचा उल्लेखच नव्हता. मोती गळाले होते, मोहरा हरवल्या होत्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नव्हती. ती दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे उलगडायला पेशव्यांना कोणा पंडिताची गरज पडली नसेल. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते पर्वतीवर वारले.

पण मला त्या दिवसापासून बोचत राहिले ते निराळेच. काकूंना ती बातमी सांगण्याचे काम माझ्याकडे का आले? मला इंग्रजी येत होते एवढीच माझी लायकी. पुढे आयुष्यात डॉक्टरांच्या दारात बसण्याचे जे प्रसंग आले त्यांत मला पुष्कळदा माझीच आठवण झाली. समोरच्या तरुण डॉक्टराला तपासणीचा अहवाल वाचता येत होता, आम्हांला येत नव्हता. म्हणून आमच्या माणसाचे भविष्य आम्हांला सांगण्याचे काम त्याच्याकडे आले होते. ते कसे सांगावे हे त्याला कोणी शिकविले होते की नाही, ह्याची चौकशी कोणी केलेली नव्हती. ही चौकशी जगात केव्हा सुरू झाली आणि ती आज खिशातल्या फोनपर्यंत कशी येऊन पोचली, ह्याची हकीकत मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जुन्या वैद्यांना हा प्रश्न पडला नव्हता असे मात्र नाही. चरकसंहितेचे इंद्रियस्थान नावाचे बारा अध्यायांचे स्थानच्या स्थान मरणसूचक लक्षणांना, म्हणजे अरिष्टांना, वाहिलेले आहे. मरण जवळ आलेले ओळखावे कसे ह्याचा इतका बारकाईने विचार करणारा ग्रंथ, ते ओळखल्यावर सांगावे की नाही हे सांगायलाही विसरलेला नाही. कोणी विचारल्यावाचून वैद्याने ते बोलू नये. आणि विचारले तरी, जिथे बोलण्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल, तिथे बोलू नये. विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे त्यातही हीच आज्ञा आहे. ह्यातले ‘जिथे अपाय होईल तिथे’ हे शब्द माझ्या मते फार मोलाचे. चरकाने सरसकट मौन सांगितलेले नाही. माणूस पाहून ठरव असे सांगितले आहे. पुढच्या काळाने अट गाळली आणि मौन तेवढे ठेवले.

ग्रीक परंपरेची गोष्ट ह्याहून फारशी वेगळी नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांत ‘डेकोरम’ म्हणून एक प्रकरण आहे. त्यात वैद्याने रोग्याजवळ शांत व प्रसन्न मुद्रेने वावरावे आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळू देऊ नये असा सल्ला दिलेला आढळतो. मग एकदम १८०३ साली या. मँचेस्टरचा डॉक्टर टॉमस पर्सिव्हल ह्याने वैद्यकीय नीतीवर एक पुस्तक लिहिले. वैद्य हा आशेचा दूत, त्याने निराशेची भाकिते करीत बसू नये. धोका असेल तर आप्तेष्टांना वेळेवर सूचना द्यावी. आणि रोग्यालाच सांगणे भाग पडले, तर ते काम शक्यतो दुसऱ्या एखाद्या समंजस माणसावर सोपवावे, असे त्याचे म्हणणे. १८४७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने आपली पहिली नीतिसंहिता केली, तीत हे विचार जवळजवळ जसेच्या तसे उचलले. तार माझ्या हातात आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो हे पर्सिव्हलला रुचले नसते. पण तार दुसऱ्याच्या हातात द्यावी हे मात्र त्याचेच मत!

ह्या लोकांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या पेटीत होते काय? अफू, तुंबडी, जळवा आणि आशा. त्यांतली आशा त्यातल्या त्यात निरुपद्रवी होती. ती काढून घ्यायची म्हणजे वैद्याने रिकाम्या हाताने घरी जायचे. औषधाला गुण नव्हता तोवर मौनालाच औषधाची किंमत होती, हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या दोन हजार वर्षांचा न्याय करता येणार नाही.

विसाव्या शतकात औषधे आली, शस्त्रक्रिया आली, क्ष-किरण आले. मौन मात्र तसेच राहिले. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड ओकेन ह्यांनी २१९ डॉक्टरांना विचारले, कॅन्सर झालेल्या रोग्याला तुम्ही तसे सांगता का? शंभरांतल्या नव्वदांच्या आसपास डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. ओकेन तेवढ्यावर थांबले नाहीत. हे मत तुम्ही कशावरून बनविले, असेही त्यांनी विचारले. बहुतेकांनी छातीवर हात ठेवून सांगितले, अनुभवावरून. मग ओकेननी खोदून पाहिले तेव्हा असे आढळले की, ह्या मंडळींपैकी पुष्कळांनी कधी कोणाला सांगूनच पाहिले नव्हते. ज्याने कधी पाण्यात पाय घातला नाही त्याने पाणी खोल आहे असे अनुभवाने सांगावे, तशातला हा प्रकार. अनुभव हा शब्द आपण किती वेळा भीतीच्या अंगावर शाल म्हणून पांघरतो!

ओकेनचा निबंध मी कितीतरी वर्षांनी वाचला, आणि वाचताना मला माझी आत्या आठवली. १९७२ साली तिच्या पोटात दुखू लागले. एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वडिलांना आणि काकांना आत बोलावले, दार लावून घेतले, आणि शेवटी म्हणाले, “बाईंना मात्र सांगू नका.” बाहेर आल्यावर वडिलांनी आत्याला सांगितले, अल्सर आहे, पथ्य करावे लागेल. आत्या म्हणाली, “बरं.” त्यानंतर ती चार महिने जगली. त्या चार महिन्यांत आमच्या घरात अल्सर हा शब्द जितका बोलला गेला तितका त्यापूर्वी किंवा नंतर कधी बोलला गेला नसेल. भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या कोणाचा तरी अल्सर बरा झाल्याची गोष्ट सांगे आणि आत्या मान डोलावी. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तर प्रत्येक लुगड्याला टाचणीने एकेक चिठ्ठी लावलेली होती : हे अमकीला, हे तमकीला. शेवटच्या चिठ्ठीखाली तारीखही घातली होती. म्हणजे पहिल्या महिन्याच्या आतच तिने सगळी वाटणी करून ठेवली होती, आणि उरलेले तीन महिने ती आमचा अल्सर सांभाळीत बसली होती. आम्ही तिला फसवीत होतो असे आम्हांला वाटत होते.

पुढे अकिरा कुरोसावा ह्या जपानी दिग्दर्शकाचा १९५२ सालचा ‘इकिरु’ हा चित्रपट पाहण्यात आला. त्यातला एक प्रौढ कारकून पोट दुखते म्हणून दवाखान्यात जातो. बाहेर बाकावर बसलेला दुसरा रोगी त्याला सांगतो की, जठराचा कॅन्सर असला म्हणजे डॉक्टर अमुक शब्दांत किरकोळ अल्सर असल्याचे सांगतात. कारकून आत जातो, आणि डॉक्टर नेमके तेच शब्द बोलतात. चित्रपटगृहात माझ्या अंगावर काटा आला. टोकियोत आणि आमच्या घरात एकच तार आली होती, आणि ती एकाच गुप्त भाषेत होती! जपानने ही रीत पुष्कळ वर्षे सांभाळली. १९८९ च्या जानेवारीत सम्राट हिरोहितो वारले. त्यांना कॅन्सर होता ही गोष्ट जाहीर झाली ती त्यांच्या निधनानंतर.

अमेरिकेत मात्र मधल्या काळात वारे फिरले. १९७९ साली रॉचेस्टर येथे डेनिस नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकेनचीच प्रश्नावली पुन्हा डॉक्टरांना दिली. ह्या वेळी शंभरांतले सत्त्याण्णव म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत एखाद्या व्यवसायाने आपला शब्द इतका फिरविल्याची उदाहरणे थोडी. कारणे शोधायला लांब जायला नको. काही कॅन्सर औषधांना दाद देऊ लागले होते, आणि विषारी औषध घ्यायला लावायचे तर कशासाठी ते सांगणे प्राप्त होते. रोग्याच्या माहितीपूर्ण संमतीचा आग्रह न्यायालयांनी धरला होता. १९६७ साली सिसिली साँडर्स ह्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस काढले; तिथे मरणाऱ्या माणसाशी मरणाविषयी बोलणे हा शुश्रूषेचा भाग समजत. १९६९ साली एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्यांचे मृत्यूवरचे पुस्तक निघाले आणि घरोघर वाचले गेले. तिने त्यासाठी जे केले ते अगदी साधे होते. मरणपंथाला लागलेल्या रोग्यांजवळ बसून, तुम्हांला काय वाटते, असे तिने विचारले होते.

परंतु सांगायचे ठरले म्हणून सांगता येऊ लागले असे थोडेच होते? पूर्वी डॉक्टर गप्प बसून दुखवीत, आता बोलून दुखवू लागले. सत्याचे कर्तव्य एकदा पार पाडले की पाठ फिरवायला मोकळीक मिळते, असाही पुष्कळांचा समज झाला. १९९८ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या वार्षिक संमेलनात जमलेल्या डॉक्टरांना विचारून पाहिले, तर वाईट बातमी सांगण्याचे रीतसर शिक्षण मिळालेले शंभरांत दहासुद्धा निघाले नाहीत. ह्यांतल्या अनेकांना ते काम महिन्यातून कितीतरी वेळा करावे लागत होते. टाके घालण्याचे शिक्षण न देता कोणाला शस्त्रक्रियागृहात सोडीत नाहीत. जिभेला मात्र अशी कसलीच अट नव्हती.

ही अट घालणाऱ्यांत ज्याचे नाव पहिले घ्यायचे तो माणूस मोठा मजेदार होता. रॉबर्ट बकमन हा लंडनचा, १९४८ साली जन्मलेला. कॅन्सरचा डॉक्टर, आणि त्याचबरोबर रंगमंचावर व टेलिव्हिजनवर लोकांना हसविणारा विनोदी नट. तिशीच्या सुमारास त्याला स्वतःलाच स्नायू आणि त्वचा ग्रासणारे एक दुर्धर दुखणे झाले आणि खाटेच्या पलीकडची बाजू त्याने पाहिली. तो त्यातून उठला. १९८४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने एक लेख लिहिला. त्याचा विषयच मुळी हा होता की, वाईट बातमी सांगणे अजून इतके अवघड का? त्याचे उत्तर असे की अडचण रोग्याची नव्हे, डॉक्टराची आहे. त्याला भीती वाटते : दोष आपल्या माथी येईल ही, समोरचा रडू लागला तर काय करावे ही, आपल्याला उत्तर येत नाही हे उघडे पडेल ही, आपल्याच डोळ्यांत पाणी येईल ही, आणि ह्या सगळ्यांच्या तळाशी स्वतःच्या मरणाची. वाईट बातमीची त्याने केलेली व्याख्याही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसाचे आपल्या भविष्याविषयीचे चित्र जी पार बिघडवून टाकते ती वाईट बातमी. म्हणजे बातमी किती वाईट आहे हे अहवालावरून कळत नाही. समोरच्याने कोणते चित्र रंगविले होते ते आधी ठाऊक व्हावे लागते. वादकाला बोटाचा संधिवात आणि मला बोटाचा संधिवात ह्या दोन बातम्या एक नव्हेत.

बकमन १९८५ साली टोरँटोला गेला, १९९२ साली त्याने ह्या विषयावर पुस्तक लिहिले, आणि २००० साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले वॉल्टर बेल व इतर सहकारी ह्यांच्यासह त्याने सहा पायऱ्यांची एक रीत प्रसिद्ध केली. सहा इंग्रजी आद्याक्षरे जोडून तिला ‘स्पाइक्स’ असे नाव पडले. इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ खिळे. असल्या नाजूक कामाला हे नाव कोणी पसंत केले असेल ते असो. पहिली पायरी जागेची : दार लावा, खुर्ची ओढा, बसा. दुसरी, रोग्याला आतापर्यंत काय समजले आहे ते त्याच्या तोंडून ऐका. तिसरी, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा. चौथ्या पायरीवर बातमी. तीही आधी एक इशारा देऊन, मग सोप्या शब्दांत, थोडी थोडी. पाचवी पायरी त्याच्या भावनेची. तिथे घाई करायची नाही. आणि सहावी पुढच्या बेताची.

माझ्यासारख्या तार वाचणाऱ्याच्या दृष्टीने ह्यातले मर्म असे की, बातमी चौथ्या पायरीवर आहे. आधीच्या तीन पायऱ्यांत डॉक्टर काहीच सांगत नाही. तो विचारतो आणि ऐकतो. तिसरी पायरी पाहिल्यावर तर चरकाची हरवलेली अट सापडल्याचा आनंद मला झाला. सांगावे की न सांगावे, ह्याचा निकाल दोन हजार वर्षे वैद्यांनी आपापसांत केला. तो रोग्यालाच विचारून करता येतो ही गोष्ट इतकी साधी होती! आत्याला कोणी विचारले असते, तर ती कदाचित म्हणाली असती, मला नको सांगू, दादाला सांग. किंवा म्हणाली असती, बस इथे, आणि ट्रंक उघडली असती.

पण सहा पायऱ्या पाठ करणे आणि त्या चढणे ह्यांत अंतर आहे. सरावासाठी खऱ्या रोग्याला वापरणे हे क्रौर्य. ह्याची तोड फार आधी, १९६३ साली, लॉस एंजलिसमधल्या हॉवर्ड बॅरोज नावाच्या मज्जातज्ज्ञाने काढून ठेवली होती. त्याने एका निरोगी स्त्रीला पक्षाघाताच्या रोग्याचे सोंग शिकविले आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली. हॉलिवूड विद्यापीठात शिरले म्हणून त्याची टिंगल झाली. आज जगभर वैद्यकाच्या परीक्षा अशा सोंगाड्यांवर घेतात. वाईट बातमीच्या सरावाला तर हे सोंग विशेषच मानवले, कारण ती ऐकून खोटे रडणाऱ्यापुढेही डॉक्टराचे हात खरेच कापतात. २००२ साली इंग्लंडमध्ये लेस्ली फॅलोफिल्ड ह्यांनी ३४ केंद्रांतल्या १६० कॅन्सरतज्ज्ञांवर ह्याचा पडताळा पाहिला. तीन दिवसांच्या सरावशाळेला गेलेले डॉक्टर पुढे खऱ्या रोग्यांशी बोलताना मोकळे प्रश्न अधिक विचारू लागले आणि सहानुभूती अधिक दाखवू लागले. ज्यांना नुसता लेखी अभिप्राय पाठविला होता त्यांच्यात मात्र बदल दिसला नाही. नुसत्या वर्षांच्या अनुभवाने ही विद्या येत नाही, हेही त्यातून पुढे आले.

आता हे तीन दिवस, हे नट, हे शिक्षक आणायचे कोठून? आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन पाहावे. एका टेबलाशी दोन डॉक्टर, दोन रोगी आणि सहा नातेवाईक असतात. पहिल्याच पायरीवरची लावायची दारे आणि ओढायची खुर्ची तिथे मिळत नाही. २०१९ पासून आपल्या वैद्यकीय शिक्षणक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांचा पाठ सर्व महाविद्यालयांत घालण्यात आला आहे, हे चांगलेच झाले. पण निवासी डॉक्टराला रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेर उभे राहून जे बोलायचे असते त्याची उजळणी त्याने कोठे करावी?

त्याच्या खिशात. येथे फोनची कथा सुरू होते. सरावशाळांची चळवळ अमेरिकेत २००२ पासून जोमाने चालविणारे अँथनी बॅक, रॉबर्ट आरनॉल्ड आणि जेम्स टुल्स्की ह्या तीन डॉक्टरांनी पुढे ‘व्हायटलटॉक’ नावाची संस्था काढली, आणि शाळेत येऊ न शकणाऱ्यांसाठी आपल्या सूचना फोनवर आणून ठेवल्या. फोनवरच्या शिक्षणाची तऱ्हा सामान्यतः अशी : पाच-सात मिनिटांचा एकच धडा, एक छोटे चलच्चित्र, त्यात एक डॉक्टर बोलताना चुकतो, तुम्ही काय म्हणाला असता, असा प्रश्न, मग तोच प्रसंग नीट केलेला, आणि दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने तोच प्रश्न पुन्हा. ह्या पुन्हाला शास्त्र आहे. १८८५ साली हेर्मान एबिंगहाऊस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, माणूस किती वेगाने विसरतो आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने किती टिकते ते मोजून दाखविले. आपल्या वेदपाठशाळांना हे मोजल्यावाचून माहीत होते. रोज थोडी संथा, आणि कालची म्हटल्याशिवाय आजची नाही. अडीच-तीन हजार वर्षे मंत्र टिकविणारी ती युक्ती आज अतिदक्षता विभागाच्या जिन्यात बसलेल्या मुलीच्या फोनवर परत आली आहे, हे पाहून मौज वाटते.

ह्या विद्येचे कौतुक करताना एक खडा मात्र बाजूला ठेवू नये. फॅलोफिल्डच्या प्रयोगात लेखी उपदेश फुकट गेला होता. फोनवरचा धडा नुसता वाचून सोडला तर तोही लेखी उपदेशच. शिवाय २०१३ साली अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत, सोंगाच्या रोग्यांवर सराव केलेल्या शिकाऊ डॉक्टरांविषयी खऱ्या रोग्यांना विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले गुण काही वाढले नाहीत. उलट रोग्यांत खिन्नतेची लक्षणे किंचित अधिक दिसली. मला ह्यात शिकविण्याचा दोष तितकासा दिसत नाही. खरे ऐकल्यावर माणूस खिन्न होणारच. पण ज्यांनी ह्या सहा पायऱ्या तिकीट दाखवून चढायच्या ठरविल्या असतील त्यांच्यासाठी हा आकडा दारावर लावून ठेवावा. पायऱ्या म्हणून दाखविणारा डॉक्टर रोग्याला लगेच ओळखू येतो. आपण नाही का देवळातला घाईचा पुजारी ओळखीत!

भाषेची अडचण वेगळीच. हे धडे इंग्रजीत घडलेले आहेत. तिसऱ्या पायरीवर रोग्याला एकट्याला विचारायचे असते; आपल्याकडे रोगी एकटा असतोच कोठे? थोरला मुलगा आधी डॉक्टरांना बाहेर गाठतो आणि म्हणतो, “आईला काही बोलू नका.” त्याला झिडकारून चालत नाही, कारण औषधाचे पैसे आणि रात्रीचे जागरण त्याचेच. मग त्यालाच विचारावे लागते, आईला काय ठाऊक आहे असे तुम्हांला वाटते? पुष्कळदा तिथेच तो रडू लागतो. आणि आपल्या बोलीत मरणाला सरळ क्रियापद फारसे कोणी वापरीत नाही. माणूस ‘जातो’, ‘शांत होतो’, ‘देवाज्ञा होते’. डॉक्टराने ‘गेले’ म्हणावे तर समोरचा विचारतो, “कोठे, दुसऱ्या वॉर्डात?” हे मी विनोदाने लिहीत नाही, ऐकलेले आहे.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने रुग्णालयांची दारे नातेवाइकांना बंद झाली, तेव्हा अँथनी बॅक ह्यांनी साथीतल्या संभाषणांसाठी एक छोटी मार्गदर्शिका तयार करून सर्वांना मोफत खुली केली, आणि पुढे तिची अनेक भाषांत रूपांतरे झाली. प्रसंग आणि त्यापुढे म्हणायचे वाक्य, असा तिचा घाट. तोपर्यंत फोन हा शिकविणारा होता; आता तोच खोली झाला, खुर्ची झाला, आणि तारही झाला.

माझ्या थोरल्या बहिणीची नात त्या वेळी मुंबईच्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होती. रोज संध्याकाळी घरोघर फोन करून रोग्यांची हकीकत कळविण्याचे काम तिच्याकडे होते. एके रात्री तिचा मला फोन आला. “आजोबा, एक वाक्य मराठीत करून द्या,” म्हणाली. इंग्रजीत ते फार साधे होते : परिस्थिती निराळी असती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे, माफी न मागता दुःखात सामील होण्यासाठी तिकडचे शिक्षक ते शिकवितात. मी तिला दोन-तीन भाषांतरे सांगितली. ती प्रत्येक वेळी स्वतःशी म्हणून पाही आणि म्हणे, “नाही हो, असं कोणी बोलत नाही.” शेवटी मला काकूंचे दार आठवले, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बायकोने काकूंना जवळ घेऊन काय म्हटले होते ते आठवले. मी म्हटले, “असं व्हायला नको होतं, एवढंच म्हण.” तिने ते लिहून घेतले.

तीन-चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. एक वृद्ध बाई वारल्या होत्या आणि नाशिककडे असलेल्या त्यांच्या मुलाला तिने कळविले होते. “आजोबा, ते वाक्य म्हटलं,” ती सांगत होती, “आणि पुढे काहीच सुचेना. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. पुष्कळ वेळ. मी फोन ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, आईनं काल काही खाल्लं होतं का?”

“मग?”

“चार चमचे पेज घेतली होती. मीच दिली होती. तेवढं सांगितलं.”